रजेचा पगार

चांगुणा वहिनी आमच्या गावच्या दूध सोसायटीत कॅन धुवायच्या. सकाळी सतरा, संध्याकाळी बारा-तेरा. उकळतं पाणी, धुण्याचा सोडा आणि काथ्याचा बोळा. पगार महिन्याला पस्तीस रुपये. एवढंच सांगितलं तर कुणीही म्हणेल, यात लिहिण्यासारखं काय आहे? आहे. ती पस्तीस रुपयांची जागा मिळवायला मला दोन वर्षं लागली, आणि ती सोडायला त्यांना एक कागद पुरला. तो कागदही माझ्याच हातचा.

आमचं गाव धाराशिवहून बेंबळीकडं जाताना आडबाजूला पडतं. ओढ्याच्या अलीकडं आमची बौद्धांची वस्ती, पंचवीस-तीस घरांची. वहिनींचा नवरा पिराजी माझा चुलतभाऊ. बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर मातीचा कडा कोसळला, त्यात तो गेला. एक मुलगी, तिचं लग्न होऊन ती नळदुर्गाकडं. घरात उरल्या दोघी, वहिनी आणि त्यांची सासू भिमाबाई. भिमाबाई माझ्या थोरल्या चुलत्याची बायको, मी तिला मोठी आई म्हणायचो. काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे गेलेले. घरातल्या घरात भिंत धरून फिरायची, पण उंबऱ्याबाहेर पडायचं तर वहिनींचा खांदा लागायचा.

सोसायटी निघाली शहात्तर साली. वहिनी तिथं अंगण झाडायच्या, नाली काढायच्या. त्याचे पैसे नसत. उरलेलं ताक, शिळी भाकर, दिवाळीला एखादं जुनं लुगडं. मी ते पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. छप्पन साली आमच्या माणसांनी बलुतं सोडलं, येसकरकीची गावराखण सोडली, भाकरी मागायची टोपली ओढ्यात फेकली, आणि इथं सहकाराच्या पाटीखाली तीच टोपली परत आली होती.

"वहिनी, उद्यापासून झाडू धरायचा न्हाय," मी म्हणालो. "काम पायजे तर नेमणुकीचं पत्र देतील, पगार देतील."

"आन न्हाय दिला तर?"

"तर मी हाय की."

"तुमी हाय म्हणूनच भ्या वाटतंय, भावजी."

सोसायटीचा चेअरमन अण्णाराव. चांगला तीस एकरांचा धनी. हा माणूस कधी आवाज चढवायचा नाही, त्यामुळं माझा दुप्पट चढायचा. तो म्हणाला, "झाडायला ठेवतो. पगारबी देतो. पण कॅनला हात लावायचं म्हणजे... लोक दूध घालायचं बंद करतील, आबाराव. तूच सांग."

"होऊ द्या बंद."

"सोसायटी बुडंल."

"बुडू द्या. ज्या सोसायटीला चांगुणाबाईचा हात बाटवतो ती तरंगून काय करायचीय?"

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचन स्टँडवरच्या पाट्यांवर आणि पुड्याच्या कागदांवर झालं. पण अर्ज लिहायला बसलो की समोरच्याला झोप यायची नाही. कायद्याचं कलम घालून तीन अर्ज केले, धाराशिवला दोनदा उपोषणाला बसलो, एकदा ताप आला म्हणून मधेच उठलो, परत बसलो. अठ्ठ्याहत्तरच्या पोळ्यानंतर पत्र निघालं. "दुधाचे कॅन धुण्यासाठी अर्धवेळ कामगार म्हणून नेमणूक करण्यात येत आहे." त्यातला कॅन हा शब्द मी भांडून घालायला लावला. त्यांनी आधी "साफसफाईसाठी" असं गुळमुळीत लिहून आणलं होतं. मी तो कागद त्यांच्या टेबलावर परत ठेवला आणि दुसरा घेतल्याशिवाय खुर्ची सोडली नाही.

पहिल्या आठवड्यात अकरा जणांनी सोसायटीत दूध घालायचं बंद केलं आणि नाक्यावरच्या हॉटेलात घातलं. हॉटेलवाल्यानं कुणालाही पैसा दिला नाही. नवव्या दिवशी अकराच्या अकरा परत आले, घागरी घेऊन, खाली मान घालून. दूध बाटण्यापेक्षा पैसे बुडण्याची भीती मोठी निघाली.

सगळ्यात खूष झाली ती भिमाबाई. तिनं तरुणपणी दारोदार टोपली घेऊन भाकर मागितली होती, तीही उंबऱ्यापासून सात हात लांब उभं राहून. आता रोज संध्याकाळी वहिनी घरी आल्या की म्हातारीचा एकच प्रश्न असायचा.

"किती झालं आज?"

"बारा झालं, आत्याबाई."

"पाटलाचं दूध त्यातच?"

"त्यातच."

"हूं," म्हणायची, आणि तोंडातली तंबाखू या गालातून त्या गालात सारायची. जेवण झाल्यासारखं तोंड दिसायचं तिचं.

तीन वर्षं असं चाललं. सोसायटीचे पस्तीस, आणि दुपारच्या वेळी कुणाच्या रानात खुरपण, काढणी. दोघींचं भागायचं. मग एक्याऐंशी साली पाऊस मृगात आला तो परत फिरकलाच नाही. मूग-उडीद हातचे गेले. रानात खुरपायलाच काही नव्हतं, मजुरीला कोण बोलावणार? रोजगार हमीचं काम निघालं ते तेरच्या पलीकडं. पहाटे निघून रात्री परत. तिथं गेलं तर सकाळ-संध्याकाळ कॅन कोण धुणार, आणि दिवसभर आंधळ्या म्हातारीला पाणी कोण देणार? एकट्या पस्तीस रुपयांत दोन पोटं भरत नव्हती.

त्याच सुमाराला बंडप्पा मुकादम वस्तीत आला. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या कोल्हापूरकडं जायच्या, त्या तो जमवायचा. माणूस सीमेकडचा, बोलणं निम्मं कानडी, पण हिशेब पक्का. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता.

"तुझा अर्धा कोयता हाय, चांगुणाबाई," तो म्हणाला. "दुसऱ्या एका अर्ध्याला जोडून देतो. सहा महिने पोटाची काळजी न्हाय."

"आन म्हातारी?"

"म्हातारी खोपीत चालायची न्हाय, अव्वा. फडात साप, इंचू. तू ऊस तोडणार का तिला धरणार?"

"मग न्हाय येत."

"दसऱ्यापतुर विचार कर. मग जागा भरतील."

बंडप्पा गेला आणि वहिनी माझ्याकडं आल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या. कधी काही मागायला न आलेलं माणूस मागायला आलं की त्याच्या आधी आपल्यालाच लाज वाटते.

"भावजी, ते निराधाराचं म्हणत्यात, ते काय हाय?"

ती योजना नवीनच होती. म्हातारी माणसं, अपंग, विधवा, ज्यांना पाहणारं कुणी नाही त्यांना सरकार दरमहा काही रक्कम देणार. भिमाबाईसारखीला महिना साठ रुपये. पस्तीस आणि साठ. वहिनींना गाव सोडायची गरज उरली नसती. मी म्हणालो, "अहो वहिनी, यात इचारायचं काय? सत्तरीची आंधळी बाई. हिला न्हाय तर कुणाला?"

मोठ्या तोऱ्यात अर्ज भरला. कुटुंबात कोणी नोकरीस आहे काय, या रकान्यात मी ठसठशीत लिहिलं: होय, सून, दूध सोसायटी, अर्धवेळ. वर नेमणूकपत्राची नक्कलही जोडली. न लपवता लिहायचं हा माझा बाणा. खरं सांगायचं तर ते पत्र कुठं दाखवायची संधी मी सोडत नव्हतो.

तालुक्याच्या कचेरीतल्या कारकुनानं अर्ज वाचला, नक्कल वाचली, आणि माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी उसाच्या गाडीला पुढून बैल जुंपायचे सोडून मागून जुंपले.

"हे कशाला जोडलं?"

"खरं हाय म्हणून."

"घरात नोकरदार आहे. मग म्हातारी निराधार कशी?"

"अर्धवेळ नोकरी हाय. पस्तीस रुपये."

"किती वेळ, किती पगार, हे नंतरचं. नेमणूक आहे? आहे. हजेरीपटावर नाव आहे? आहे. संपलं."

"आन जी बाई रोजगार हमीवर जाऊन याच्या तिप्पट कमावती, तिची सासू?"

"ती बाई मजूर. तिला नेमणूक नाही. तिच्या सासूचा अर्ज चालेल."

मी टेबलावर हात आपटला. "म्हणजे हीच बाई अंगण झाडून शिळी भाकर घेत होती, तवा हिची सासू पात्र होती?"

कारकून भला होता. त्यानं खरंच विचार केला. चष्मा वर सारून म्हणाला, "होय. तेव्हा पात्र होती. पण तेव्हा योजना नव्हती."

मला त्या माणसाचा राग येईना आणि राग न येण्याचाच राग येत होता. तो खालच्या आवाजात म्हणाला, "हा अर्ज घेऊन जा. म्हातारी वेगळी राहते, वेगळं खाते असं दाखवा. रेशनकार्ड वेगळं करा, चूल वेगळी करा. चौकशीला तलाठी येईल तेव्हा चूल दिसली म्हणजे झालं. सगळे तेच करतात."

"आमी खोटं करायचं?"

"मग खरं करा आणि घरी बसा."

त्या दिवशी मी चिडून निघून आलो. स्टँडवर दीड तास एसटीची वाट पाहिली. तेवढ्यात चीड उतरली आणि भिमाबाई डोळ्यांपुढं आली. दुसऱ्या दिवशी परत गेलो आणि कोरा अर्ज घेऊन आलो. आयुष्यात एवढी मान खाली घालून मी कुठल्या कचेरीची पायरी चढलो नव्हतो.

घराच्या बाजूला सपरात मी तीन दगड मांडले, वर माती लिंपली. तीन दिवस त्यात नुसत्या गोवऱ्या जाळल्या, काजळी धरावी म्हणून. वहिनी एक तवा, एक तपेलं आणि एक ताटली तिथं ठेवून आल्या, आणि हात लुगड्याला पुसत राहिल्या. म्हातारीला समजावायचं काम माझ्यावर आलं.

"मोठी आई, तलाठी आला की सांगायचं, मी वेगळी राहती. माझी चूल ती पलीकडची."

"मी रांधते म्हणू?"

"व्हय."

"आंधळी बाई रांधती म्हणून सांगितल्यावर तलाठी जेवायलाच बसंल की रे मुडद्या, बघायला."

वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या. मी म्हणालो, "बरं, मग सांग, शेजारपाजारचे भाकर आणून देत्यात."

म्हातारीचं हसू थांबलं. तिनं माझ्या आवाजाकडं तोंड वळवलं. "म्हंजी परत टोपली घेऊ म्हण की हातात."

"बोलायचं तेवढं गं. खरं कुठं घ्यायची हाय?"

ती काही बोलली नाही. मी तो होकार धरला. माणसं गप्प बसली की आम्ही पुढारी त्याला होकार म्हणतो.

भादव्याच्या शेवटी तलाठी व्यंकटराव आला. शांत, सडपातळ माणूस, सायकलवर. वहिनींनी पोतं अंथरलं. तो बसला, दप्तर मांडीवर घेतलं. चुलीकडं नजर टाकली, उठून जाऊन कडेला बोट लावलं, बोटाकडं पाहिलं.

"चूल आजीची?"

"व्हय," मी म्हणालो.

"लवकर काळी पडली," तो म्हणाला. पण लिहिलं काही नाही. परत येऊन बसला. मला वाटलं, जमलं. त्यानं आवाज जरा मोठा करून विचारलं, "आजी, तुम्हाला जेवायला कोण देतं?"

म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. तिनं तोंडातली तंबाखू दुसऱ्या गालात सारली.

"कोण देणार?" ती म्हणाली. "माझी सून देती."

मी खोकलो.

"आबाला खोकला झालाय," म्हातारी म्हणाली. "त्यानं मला शिकवलंय, शेजारी भाकर देत्यात म्हण. म्या कशाला म्हणू, सायेब? लई खाल्ली लोकाची भाकर. वाळलेली, बुरसा आलेली, वरून टाकलेली. आता न्हाय खात. माझी सून सोसायटीत नोकरीला हाय. सह्या-शिक्क्याची. दिवसाला तीस क्यान धुती. पाटलाचं दूध, चेअरमनचं दूध, सगळं तिच्या हातच्या क्यानात. लिवा."

तलाठ्यानं पेन खाली ठेवलं. माझ्याकडं पाहिलं, वहिनींकडं पाहिलं, मग म्हातारीकडं वाकून हळू म्हणाला, "आजी, मी हे ऐकलंच नाही असं करू का?"

"का बरं? ऐका की. पुन्यांदा सांगू?"

व्यंकटराव हसला नाही. पेन उचललं आणि लिहिलं. वहिनींनी चहा केला, तो त्यानं पुरा पिला. निघताना दारात थांबून म्हणाला, "ताई, जोवर हजेरीपटावर तुमचं नाव आहे तोवर यात काही होणार नाही. मला वाईट वाटतं."

"वाईट वाटायचा रकाना हाय का तुमच्या अर्जात?" मी खेकसलो. तो सायकलवर बसून गेला. त्या बिचाऱ्यावर खेकसून मला काय मिळालं?

दोन दिवसांनी वहिनी परत आल्या. यावेळी पदर बोटाला गुंडाळला नव्हता.

"भावजी, एक कागद लिवून द्या. सोसायटीचं काम सोडते म्हणून."

माझ्या अंगाचा भडका उडाला. "डोकं ठिकाणावर हाय का वहिनी? दोन उपोषणं केली म्या त्या जागेसाठी! अख्ख्या जिल्ह्यात दुधाच्या कॅनला हात लावणारी आपल्यातली दुसरी बाई दाखवा मला. ती जागा तुमची एकटीची न्हाय, वस्तीची हाय."

"मग वस्तीनं पाळीपाळीनं म्हातारीला पानी द्यावं."

"तसं न्हाय म्हणायचं मला."

"मला कळतंय तुमाला काय म्हणायचंय. जागा लई मोठी हाय. पन भावजी, पस्तिसात दोघी जगत न्हाय. ऊस तोडाया गेले तर जागा जाती आन म्हातारीबी जाती. जागा सोडली तर निदान म्हातारी ऱ्हाती. हातात दुसरं काय हाय?"

"थोडं थांबा. मी वर लिहितो. नियम बदलायला लावतो."

"कवा बदलंल?"

मी बोटांवर महिने मोजू लागलो.

"दसरा धा दिसावर हाय," त्या म्हणाल्या.

"म्या न्हाय लिहिणार तो कागद," मी म्हणालो. "माझ्या हातनं न्हाय."

"ऱ्हाऊ द्या. सोसायटीचा कारकून लिवून दील."

त्या गेल्या. तीन दिवस मी त्यांच्या घरावरून गेलो नाही, ओढ्याकडून वळसा घालून जायचो. मनात एकच ठसठस, सोसायटीचा कारकून त्या अर्जात काय काय लिहील? जमत नाही म्हणून सोडते, लिहील. झेपत नाही, लिहील. आणि ते कागदावर कायमचं राहील. चौथ्या दिवशी मीच गेलो, दारात बसलो, आणि न विचारता लिहायला घेतलं. "सासूबाई अंध असून त्यांच्या सेवेसाठी मी माझ्या इच्छेने काम सोडत आहे. कामाबद्दल सोसायटीची माझ्याविरुद्ध कोणतीही तक्रार नाही." वहिनींना वाचून दाखवलं. त्यांनी अंगठा उठवला. आत म्हातारी होती, म्हणून सगळं बोलणं कुजबुजत झालं.

अण्णारावनं अर्ज वाचला. दोनदा वाचला. मग तोच तो गुळगुळीत आवाज.

"अक्षर तुझंच हाय, आबाराव."

"व्हय."

"म्या काढली न्हाय बाईला. उद्या परत उपोषणाला बसशील."

"न्हाय बसत. पण ही जागा आमच्यातल्याच बाईला मिळाली पायजे. सुमनबाईचा अर्ज आणलाय."

"ठेव की. मीटिंगला घेऊ."

ती मीटिंग अजून व्हायची आहे. महिन्याभरात चेअरमनच्या सालगड्याची बायको कॅन धुवायला लागली. नेमणूकपत्र वगैरे काही नाही, महिन्याला थोडं दाणं आणि ताक. मी विचारलं तर म्हणाला, "तिनं पत्र मागितलं न्हाय बाबा. तू कुठं तिच्यासाठी भांडतोस?" आणि खरं सांगतो, आणखी एका उपोषणाचं बळच माझ्यात उरलं नव्हतं. वहिनींचं नाव हजेरीपटावरून कमी केल्याचा दाखला मात्र त्यानं त्याच दिवशी दिला. सोसायटीनं इतक्या झटपट कुठलाच कागद आम्हाला दिला नव्हता.

दाखला जोडून तिसरा अर्ज केला. बंडप्पाची ट्रक वस्तीतनं सात माणसं घेऊन गेली, वहिनी गेल्या नाहीत. दिवाळी झाली, थंडी पडली. रब्बीला कुठं कुठं विहिरीवरचा हरभरा होता, तो उपटायला त्या तासा-दोन तासांसाठी जायच्या, घाटे मजुरीत घेऊन यायच्या. मुलीनं नळदुर्गाहून दोन पायली ज्वारी पाठवली. आम्हीही एकवेळचं द्यायचो, पण म्हातारीला कळू न देता.

म्हातारीला एक गोष्ट मात्र कळलीच. पहाटे घरात वहिनींची चाहूल राहू लागली.

"चांगुणे, क्यानाला गेली न्हाईस?"

"रजा हाय, आत्याबाई."

"रजा?"

"नोकरीला रजा असती. सह्या-शिक्क्याची नोकरी म्हंजी रजा मिळती."

"आस्सं," म्हातारी म्हणाली, आणि तिला त्याचंही भारी कौतुक वाटलं. शेजारणीला हाक मारून सांगितलं, माझी सून रजेवर हाय. चार-आठ दिवसांनी परत विचारायची, "किती दिसाची गं रजा?" वहिनी म्हणायच्या, "तीन वरसाची साठलीय." पुढं पुढं तिनं विचारायचं सोडलं. कळलं म्हणून सोडलं का विसरली म्हणून, ते मला कधी समजलं नाही. मी विचारलं नाही, वहिनींनी सांगितलं नाही.

संक्रांतीनंतर मंजुरी आली. पोस्टमन धुळाप्पा मनिऑर्डर घेऊन दारात उभा राहिला. साक्षीदार म्हणून सही करायला मला बोलावलं. म्हातारीचा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवायला वहिनींनी तिचा हात धरला.

"कशाचं पैसं हायत?" म्हातारीनं हात मागं घेतला.

धुळाप्पानं तोंड उघडलं. कागदावर काय लिहिलंय ते तो वाचणार होता, मला दिसत होतं. वहिनी त्याच्या आधी बोलल्या.

"रजेचा पगार हाय, आत्याबाई."

"मग माझा अंगठा कशाला?"

"म्या रजेवर हाय न्हवं का. रजेवरच्या माणसाच्या पगाराला घरच्या वडीलधाऱ्याचा अंगठा लागतो."

धुळाप्पाला हसू आवरेना, त्यानं पिशवीत तोंड घातलं. म्हातारीनं अंगठा दिला, नोटा हातानं चाचपल्या आणि म्हणाली, "लई झालं की गं. कामावर असताना कमी यायचं."

"व्हय," वहिनी म्हणाल्या. "काम न्हाय केलं की जास्त मिळतं."

मी सही केली. चौकशीच्या दिवशी खोटं बोलायला मी म्हातारीला शिकवत होतो, आणि वहिनींनी ते उभ्या उभ्या केलं. तेही असं, की म्हातारीची मान वरच राहिली.

पाच मनिऑर्डरी आल्या. त्या पाच महिन्यांत वहिनी म्हातारीला उन्हाला बसवायच्या, न्हाऊ घालायच्या, तिच्या डोक्याला तेल लावत जुनी गाणी म्हणायच्या. पिराजी गेल्यापासून त्या दोघी दिवसा एकत्र बसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. दोघींपैकी एक कायम कामावर. आषाढात म्हातारीला आव पडायला लागली. पाचव्या दिवशी संपली. वहिनींच्या मांडीवर डोकं होतं.

पुढच्या महिन्यात धुळाप्पा आला, पण मनिऑर्डर नव्हती. लाभार्थी मयत, अनुदान बंद. बरोबरच होतं ते. मी वहिनींना म्हणालो, तुमच्या नावानं अर्ज करू. त्या नको म्हणत असताना गेलो. तोच कारकून.

"वय?"

"पंचेचाळीसच्या आसपास."

"लहान मुलं?"

"मुलगी. लग्न झालंय."

"अपंग?"

"न्हाय."

"नोकरी?"

"न्हाय. होती."

त्यानं हात जोडले नाहीत एवढंच. "धडधाकट बाई आहे, कामाचं वय आहे. हे बसत नाही, आबाराव. काम करू शकते ना ती?"

करू शकत होती. पण काम कुठं होतं? अण्णारावकडं जाऊन मी विचारलंसुद्धा, इतका खाली आलो होतो. तो म्हणाला, "जागा भरलीय. अन पत्र देऊन कुणाला ठेवायचं न्हाय असा ठराव झालाय."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बंडप्पाची ट्रक ओढ्यापाशी येऊन थांबली. वहिनींनी एक बोचकं, एक तवा आणि कोयता घेतला होता. मी गेलो. सहा वर्षांत मी त्यांच्यासाठी काय काय केलं ते मनात मोजत होतो आणि त्यातलं काहीच हाती लागत नव्हतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"तोंड का पाडलंय, भावजी?"

"जागा गेली, वहिनी. अनुदान गेलं. आता तुमी चाललात."

"म्हातारीला टाकून जायाचं नव्हतं. न्हाय गेले. आता एकटीला कुठंबी जाता येतं." मग म्हणाल्या, "सुमनबाईचा अर्ज मातूर मागं लागून करून घ्या. तिला पत्राशिवाय हात लावू देऊ नका कॅनला."

मी मान हलवली. बंडप्पा कानावरची पेन्सिल काढून वहीत नावं लिहीत होता.

"नाव?"

"चांगुणा पिराजी."

"जोडीला कोण?"

"कोण न्हाय."

त्यानं मान वर केली नाही. नावापुढं लिहिलं, एकटी, अर्धा कोयता. त्याला ना तलाठ्याचा दाखला लागला, ना चूल बघावी लागली. ट्रकच्या फाळक्यावरून कुणीतरी हात दिला, वहिनी वर चढल्या आणि पोत्यांच्या मधे जागा करून बसल्या.